सुईणीची साक्ष

माझ्या सासूबाई सुईण होत्या. आमच्या भागातली अर्धीअधिक माणसं पहिल्यांदा त्यांच्याच हातात रडली होती. मोठेपणी त्यातलं कुणी रस्त्यात शिष्टपणा करू लागलं की त्या सरळ म्हणायच्या, "तुला उलटा धरून पाठीत धपाटा घातलाय मी. जरा बेतानं." त्यामुळे त्यांच्यापुढे कुणी फारसं ताठ्यात बोलत नसे.

बुटक्या, रुंद बांध्याच्या आणि चालताना थोड्या डुलणाऱ्या. हात मात्र लहान मुलीसारखे, नखं कायम बारीक कापलेली. दाराजवळच्या खुंटीला त्यांची पिशवी टांगलेली असे. तेलाची कुपी, लोकरीचे बोळे, मऊ जुन्या कापडाच्या घड्या आणि नाळ कापायची सुरी. खाली बाळंतपणाची खुर्ची, जिची बैठक पुढून चंद्रकोरीसारखी कापलेली होती. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं खुर्ची मोडलीय, म्हणून मी नवऱ्याला ती सुताराकडे न्यायला सांगितली. त्यानं ती खांद्यावर घेतलीही होती. माझा नवरा बंदरावर ओझी वाहायचा. हातात दिलेली वस्तू उचलायची, विचारायचं नंतर, असा त्याचा स्वभाव. सासूबाईंनी त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठलं. ही गोष्ट त्यांनी मला म्हातारपणापर्यंत ऐकवली.

त्या काळी आमच्याकडे बाईला साक्षीला उभं करत नसत. व्यवहार असो, मारामारी असो, चोरी असो, बाईनं काय पाहिलं ते कुणी विचारत नसे. फक्त एका बाबतीत तिचा शब्द चालायचा. मूल कुणाच्या पोटचं, जिवंत जन्मलं की मेलेलं, हे कचेरीत सुईणीला विचारत. दुसरं विचारणार कुणाला? खोलीत पुरुष नसायचाच.

एकदा एका मोठ्या घरचा कर्ता माणूस वारला. बायको गरोदर होती. दिरांना ते मूल अडचणीचं होतं, म्हणून त्यांनी तक्रार केली की तिचं मूल मेलेलंच जन्मलं आणि तिनं बाहेरून दुसरं आणून पाळण्यात घातलं. सासूबाईंना बोलावणं आलं. त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं, मूल माझ्या हातात जन्मलं, लगेच रडलं, अंगावर डाव्या कुशीत डाग आहे तो तेव्हाही होता. दिरांच्या बाजूचा माणूस पुढे झाला. "बाई, पोर बापासारखं दिसतं का, एवढंच सांगा."

सासूबाई म्हणाल्या, "जन्मलेलं प्रत्येक पोर सुरकुतलेल्या म्हाताऱ्यासारखं दिसतं. त्यावरून बाप ठरवायचा तर गावातले सगळे म्हातारे अडचणीत येतील."

न्यायाधीश हसले म्हणतात. मूल आईकडे राहिलं. पण सासूबाई ही गोष्ट सांगताना हसण्यावर कधी थांबल्या नाहीत. त्या म्हणायच्या, "मी पाहिलं तेवढंच सांगितलं. बापासारखं दिसतं की नाही हे माझं मत झालं. मत विचारायला मला बोलावलं नव्हतं."

येशूला मानणारी माणसं तेव्हा गावात मूठभर होती. स्वतंत्र जागा नव्हती, की दारावर खूण नव्हती. आठवड्याच्या पहिल्या दिवशी पहाटे विणकरकाकांच्या मागाच्या खोलीत सगळे जमायचे. माग भिंतीला सरकवून ठेवलेले, खाली लोकरीच्या गाठोड्यांवर बसायचं, प्रार्थना करायची, भाकर मोडून वाटून खायची आणि उजाडलं की आपापल्या कामाला लागायचं. सासूबाई त्यांच्यात कशा गेल्या ते सांगते.

विणकरकाकांच्या सुनेचं पहिलं बाळंतपण अवघड गेलं. मूल मेलेलं जन्मलं. असं मूल सहसा कापडात गुंडाळून मागच्या दारानं नेत आणि त्याच्याबद्दल पुन्हा बोलत नसत. सासूबाईंनी गुंडाळायला घेतलं तर बाहेर थांबलेले विणकरकाका दारातून आत येऊन म्हणाले, "जरा थांबा. मला द्या." त्यांनी नातू हातात घेतला, त्याला नाव ठेवलं, त्या नावानं प्रार्थना केली आणि मग सुनेच्या मांडीवर दिला. सासूबाईंनी तोवर कितीतरी घरं पाहिली होती. असं कुठे पाहिलं नव्हतं. घरी येऊन त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ज्यांच्याकडे मेलेल्या लेकरालाही नाव असतं, त्यांच्यात जाऊन एकदा बसायला हवं." पुढच्या पहाटे त्या गेल्या. थोड्या दिवसांनी मीही त्यांच्यामागून गेले. नवरा आमच्या दोघींच्या मागून आला, तो बहुतेक आम्हाला अंधारात सोबत म्हणून, पण राहिला.

त्या मंडळीत दोघांचा शब्द मोठा होता. एक दिवेवाले आजोबा, मातीचे दिवे करून विकणारे. त्यांनी तरुणपणी येशूबद्दलचं सगळं अशा माणसाकडून ऐकलं होतं, ज्यानं ते पहिल्या पिढीतल्या माणसांकडून ऐकलं होतं. त्यांना सगळं तोंडपाठ. दुसरा कुंभार, वयानं लहान पण नियमाला पक्का. दिवेवाले आजोबा माती त्याच्याकडूनच घेत, आणि माती कशी मळावी यावरून दोघांची दर आठवड्याला चकमक व्हायची. तेवढं सोडलं तर दोघांचं एकमत असे.

मग नवा अधिकारी आला. आल्या आल्या त्यानं फर्मान काढलं की प्रत्येकानं कचेरीच्या अंगणात यायचं, सम्राटाच्या पुतळ्यापुढच्या निखाऱ्यावर चिमूटभर धूप टाकायचा आणि जायचं. कुणाचं काय बिघडतं, असं बहुतेकांना वाटलं. आमच्यातल्यांना तसं वाटत नव्हतं. एकाला देव म्हटल्यावर दुसऱ्यापुढे धूप कसा जाळायचा? काहीजण नातेवाइकांकडे गेले, काहीजण आजारी पडले. विणकरकाकांना मात्र कापड पोचवायला जाताना रस्त्यातच धरलं, कारण माणसं त्यांच्या घरी जमतात हे आता सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मंडळीनं तेव्हा एक ठरवलं. जो धूप टाकेल त्याचं नाव प्रार्थनेत घ्यायचं नाही, जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही. ठरवताना कुंभार म्हणाला, "एकाला सूट दिली की सगळे सुटतील." त्यात चूक काही नव्हती. सगळे घाबरलेले होते आणि घाबरलेल्यांना कडक नियमाचा आधार वाटतो.

तुरुंग कचेरीच्या मागे होता. डबा घेऊन बायकाच जायच्या. पुरुष गेले असते तर त्यांनाही आत घेतलं असतं. बायकांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. विणकरकाकू आणि सासूबाई आळीपाळीनं जात. आत कोंदट उन्हाळा होता, काकांना ताप भरला आणि तो उतरेना. डबा घेणारी बाई म्हणजे तुरुंगाच्या नाईकाची म्हातारी आई. तिची आणि सासूबाईंची ओळख झाली. एक दिवस ती म्हणाली, "आमच्या सुनेचे दिवस भरत आलेत. तू येशील ना?"

"बोलवा, येते," सासूबाई म्हणाल्या.

बोलावणं आलं ते एका दुपारी. नाईकाचं बिऱ्हाड तुरुंगाच्या आतल्या अंगणाला लागून होतं. मोठ्या खोलीची खिडकी अंगणात उघडायची, तिला लाकडी गज. सून उभी राहून गज धरून कळा देत होती, तसंच तिला बरं वाटत होतं. सासूबाई तिच्या मागे, कंबर दाबत. म्हातारी बाजूला. तिघींचीही तोंडं अंगणाकडे. पुढचं मी सासूबाईंच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की त्यांचेच शब्द सांगते.

"अंगणात निखाऱ्याची शेगडी होती. अधिकारी बाजूला बसला होता. विणकराला दोन शिपायांनी आणलं. त्याला उभं राहता येत नव्हतं, दोघांनी काखेत धरलं होतं. त्याचं तोंड आमच्याकडे होतं, पाठ फाटकाकडे. फाटकाबाहेर माणसं होती. अधिकारी म्हणाला, टाक. यानं मान हलवली. उजवीकडच्या शिपायानं त्याच्या तळहातावर धूप ठेवला आणि बोटं मिटवली. यानं हात खाली सोडला आणि उघडला. धूप मातीत पडला. मग त्या शिपायानं आपल्या हातानं वाटीतला धूप घेतला, विणकराचं कोपर धरून पुढे केलं आणि आपल्या हातातला धूप शेगडीत टाकला. धूर आला. विणकर म्हणाला, हे माझं नाही. आवाज बारीक होता, पण आम्ही जवळ होतो. मग त्याचे पाय गेले. शिपायांनी त्याला खाली ठेवला. तो पुन्हा हलला नाही. दवंडीवाला ओरडला, टाकला. मग आमच्या पोरीला मोठी कळ आली आणि मी खाली बसले."

एवढंच. थोड्या वेळानं नाईकाच्या सुनेला मुलगी झाली. सासूबाईंनी नाळ बांधली, बाळंतिणीला पुसलं, निजवलं आणि मगच अंगणात गेल्या.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, "त्या शिपायानं असं का केलं? दया आली असेल?"

"आली असेल. किंवा काम उरकायचं असेल," त्या म्हणाल्या. "मला हात दिसला. मन नाही दिसलं."

फाटकाबाहेर आमच्यातले पुरुष लोकांच्या गर्दीत मिसळून उभे होते. कुंभार होता, माझा नवराही होता. त्यांना काकांची पाठ दिसली, पुढे गेलेलं कोपर दिसलं, धूर दिसला आणि दवंडी ऐकू आली. माझा नवरा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसला. "टाकला आई त्यांनी," तो म्हणाला, तेव्हा सासूबाई हात धूत होत्या.

"नाही टाकला."

"मी तिथे होतो."

"तू बाहेर होतास. मी आत होते."

त्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग उठून त्यांच्या हातावर पाणी घालायला लागला. माझा नवरा फारसा बोलका नव्हता, पण त्या दिवसापासून या बाबतीत त्यानं आईला एकदाही उलट विचारलं नाही.

काकांचं शव काकूंच्या ताब्यात मिळालं. आंघोळ घालायला काकू आणि सासूबाई, मी पाणी आणून देत होते. तिथेच सासूबाईंनी काकूंना सगळं सांगितलं. काकू पुसता पुसता थांबल्या. म्हणाल्या, "माझं मन राखायला सांगत असशील तर नको सांगू."

"मन राखायचं असतं तर याहून छान सांगितलं असतं," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं मोठं भाषण केलं म्हटलं असतं. तेज दिसलं म्हटलं असतं. तो दोन शब्द बोलला आणि त्याचे पाय गेले."

"हे माझं नाही, असं म्हणाले?"

"हो."

"माग बिघडला की तस्संच म्हणायचे," काकू म्हणाल्या. "हे माझं नाही, हे त्या शिकाऊ पोराचं काम." आणि त्यानंतर त्या पहिल्यांदा रडल्या.

काकूंच्या भावाच्या शेतात पुरलं. मंडळीतलं कुणी आलं नाही, आम्ही तिघं सोडून.

पुढच्या पहाटे मंडळी काकूंच्या घरी जमली नाही, दिवेवाल्या आजोबांच्या घरी जमली. सासूबाई गेल्या आणि प्रार्थनेआधीच उभ्या राहिल्या. सगळं सांगितलं. खोलीभर ताज्या दिव्यांच्या मातीचा वास, फळ्यांवर ओळीनं न पेटवलेले दिवे. सांगून झाल्यावर कुंभार म्हणाला, "मावशी, आम्ही बरेच जण तिथे होतो. आम्ही ऐकलं."

"तुम्ही ऐकलं. मी पाहिलं."

"तुम्ही बाळंतपणात होता. लक्ष तिकडे असणार. शिवाय विणकरकाकांच्या घराशी तुमचा घरोबा."

"लक्ष दोन्हीकडे ठेवायचंच माझं काम आहे. आणि मला एकटीला नाही दिसलं. नाईकाची आई होती, सून होती."

"एक तर आपल्यातली नाही, आणि दुसरी कळा देत होती," कुंभार म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नाही. त्यालाही काकांबद्दल जीव होता, मला ते माहीत आहे. पण त्याचा भाचा त्याच आठवड्यात गाव सोडून लपला होता आणि धूप टाकू का म्हणून निरोप पाठवून विचारत होता.

सगळ्यांनी दिवेवाल्या आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं मन चांगलं आहे. दुःखात माणसाला आपल्याला हवं ते दिसतं. बायकांना जरा जास्त. हा विषय इथे मिटवू."

सासूबाई खाली बसल्या. मला वाटलं त्या उठून निघतील. नाही निघाल्या. भाकर वाटली तेव्हा त्यांनी आपला तुकडा खाल्ला नाही, फडक्यात बांधला आणि परतताना काकूंच्या घरी नेऊन दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला. पुढे त्या प्रत्येक वेळी तसंच करू लागल्या. कुणी काही म्हटलं नाही.

त्या भांडल्या नाहीत, पण गप्पही बसल्या नाहीत. बाळंतपणात वाट पाहण्याचा वेळ मोठा असतो. कळा सुरू होतात, थांबतात, शेजारणी जमतात, पाणी तापतं आणि गार होतं. कुणीतरी विचारायचंच, "त्या विणकराचं खरं काय झालं हो?" मग सासूबाई सांगायच्या. तेच शब्द, त्याच क्रमानं. एखादी म्हणायची, "बाई गं, आणि मग देवदूत आला असेल." त्या म्हणायच्या, "आला असेल. मला दिसला नाही. पाणी आणा."

असं करता करता गावातल्या बहुतेक बायकांना ते माहीत झालं. घराघरांत एक विचित्रच परिस्थिती झाली. नवऱ्याला वाटायचं काकांनी धूप टाकला, बायकोला ठाऊक असायचं की नाही टाकला, आणि जेवताना दोघंही त्याबद्दल बोलत नसत.

त्याच हिवाळ्यात कुंभाराची मुलगी माहेरी बाळंत झाली. कुंभारानं स्वतः येऊन सासूबाईंना नेलं. मी खुर्ची घेऊन बरोबर होते. बाळंतपण सोपं झालं. दाराबाहेर कुंभार येरझाऱ्या घालत होता. त्यानं आतून रडणं ऐकलं आणि दारापाशी येऊन विचारलं, "मावशी, काय झालं?"

"मुलगी."

"सुखरूप?"

"सुखरूप." सासूबाईंनी बाळ पुसायला घेतलं. "की दुसरा साक्षीदार आणू?"

खाटेवर कुंभाराची मुलगी हसायला लागली, आणि बाळंतिणीनं त्या वेळी हसू नये म्हणून सासूबाईंनीच तिला दटावलं. कुंभारानं आम्हाला घरापर्यंत पोचवलं, खुर्ची स्वतः उचलून. निघताना त्यानं सासूबाईंना वाकून नमस्कार केला. त्याचं मत बदललं असं मात्र मी म्हणणार नाही.

मग ती पहाट आली. वर्षातून एकदा, प्रभू उठला त्या दिवसाची आठवण म्हणून, दिवेवाले आजोबा ती सगळी हकिगत सुरुवातीपासून सांगत. आम्हाला पाठ होती, तरी त्यांच्या तोंडून ऐकायला सगळे यायचे. त्या दिवशी काकूही आल्या होत्या. सासूबाईंनी त्यांना हाताला धरून आणलं आणि स्वतःच्या शेजारी बसवलं. कुणी हटकलं नाही.

आजोबा डोळे मिटून सांगायचे. त्याला धरलं, नेलं, बरोबरचे पुरुष पांगले. बायका लांबून बघत उभ्या राहिल्या. कुठे पुरलं ते बायकांनी पाहून ठेवलं. मग उजाडता उजाडता त्या तेलं आणि सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे गेल्या, प्रेताला लावायला, कारण ते बायकांचं काम. धोंडा बाजूला झालेला. आत कुणी नाही. तो उठला आहे, जा आणि सांगा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्या परतल्या आणि जिथे पुरुष लपून बसले होते तिथे जाऊन त्यांनी सांगितलं. "आणि त्या पुरुषांनी..."

इथे आजोबा थांबले.

आम्हाला पुढचं ठाऊक होतं. पुरुषांनी विश्वास ठेवला नाही, बायकांचं काहीतरीच बोलणं म्हणून सोडून दिलं. सगळे वाट पाहत होते. आजोबांचे डोळे उघडले होते आणि ते समोरच्या फळीवरच्या दिव्यांकडे पाहत होते. दिवेवाल्या आजींना कमी ऐकू यायचं, त्या मोठ्यानं बोलायच्या. त्यांनी विचारलं, "काय झालं? विसरलात का?"

"नाही," आजोबा म्हणाले. "आठवलं."

बाहेर कुणाचीतरी गाढवं पाण्याला निघाली होती, त्यांच्या खुरांचा आवाज गल्लीभर आला आणि गेला. मग आजोबा म्हणाले, "मी हे किती वर्षं सांगतोय. ज्यानं हे मला सांगितलं त्याला कुणी सांगितलं, त्याला कुणी, असं मागे मागे गेलं तर शेवटी कोण आहे? त्या बायका आहेत. त्यांच्यापलीकडे कुणी नाही. त्यांचा शब्द काढून घेतला तर माझ्याकडे काय उरतं?" ते सासूबाईंकडे वळले. "वहिनी, तुम्ही पुन्हा सांगा. मी त्या दिवशी नीट ऐकलं नव्हतं."

सासूबाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता तरी त्या थोडं सुनावतील. मी त्यांच्या जागी असते तर सुनावलं असतं. त्यांनी फक्त सांगितलं. शेगडी, दोन शिपाई, पाठ फाटकाकडे, धूप मातीत, कोपर, शिपायाचा हात, हे माझं नाही. आणि खाली बसल्या.

कुंभार उठला. "आजोबा, मी मावशींना खोटं म्हणत नाही. पण नियम सगळ्यांनी मिळून केलाय. उद्या प्रत्येकाची आई आणि बायको येऊन सांगेल की त्यानं टाकला नाही."

"तेव्हा तिनं काय पाहिलं ते विचारू," आजोबा म्हणाले. "आपण यांना विचारलंच नाही. आपण फक्त त्या कोण आहेत ते पाहिलं."

"मला पटत नाही."

"नको पटू दे. बस."

कुंभार बसला नाही, पण गेलाही नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. गेलेल्यांची नावं घ्यायची वेळ आली तेव्हा आजोबांनी विणकरकाकांचं नाव घेतलं. त्याआधी, कुणी न सांगता, त्यांच्या मेलेल्या नातवाचंही घेतलं. काकूंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सासूबाईंचा हात असा घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी त्या बोटं चोळत होत्या. "एखादी बाळंतीणसुद्धा इतकं आवळत नाही," म्हणाल्या.

लगेच सगळं जागेवर आलं असं नाही. कुंभार आणि त्याच्याबरोबरची काही घरं पुढे बराच काळ वेगळी जमायची, आणि त्यांच्याकडे काकांचं नाव घेत नसत. दिव्यांना माती मात्र तोच पुरवत राहिला आणि मळण्यावरून भांडणही चालूच राहिलं. आजोबा गेले तेव्हा त्यांना खांदा द्यायला पहिला तोच आला, आणि त्यानंतर त्याची घरं आमच्याकडे परत येऊ लागली. त्यानं शेवटपर्यंत कबूल केलं नाही. पण नाव घेतलं जायचं तेव्हा तोही सगळ्यांबरोबर मान खाली घालायचा.

मंडळी पुन्हा मागाच्या खोलीत जमू लागली. काकूंनी सुनेला काकांचा माग चालवायला शिकवलं. नाईकाची आई एकदा बाजारात काकूंना भेटली, आपण होऊन म्हणाली, "तुमचा देव मला कळत नाही. पण तुमच्या माणसानं टाकला नव्हता हं. मी तिथेच होते." काकूंनी हे आमच्याकडे येऊन सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं. मला वाटलं होतं ती विसरली."

सासूबाईंच्या हातांची ताकद पुढे कमी झाली. धंदा माझ्याकडे आला, त्या नुसत्या बाजूला बसून सूचना द्यायच्या, त्यातल्या अर्ध्या मी मानायचे. झोपेतच गेल्या. त्यांना आंघोळ घालायला इतक्या बायका आल्या की मला, सुनेला, हात लावायला मिळेना. शेवटी मी ओरडले तेव्हा कुठे जागा झाली.

आता परगावच्या मंडळ्यांमधून माणसं येतात. काकांची गोष्ट तिकडेही पोचली आहे, पण कुठे त्यात वीज चमकते, कुठे पुतळा कोसळतो. मागच्या महिन्यात एक सभ्य मध्यमवयीन गृहस्थ आले, त्यांना आपल्या लोकांना सांगण्यासाठी नीट ऐकून घ्यायचं होतं. मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "हे प्रत्यक्ष पाहिलं कुणी?"

"माझ्या सासूबाईंनी. तुरुंगाच्या नाईकाच्या आईनं. आणि त्याच्या बायकोनं."

"पुरुष कुणी?"

"शिपाई होते, अधिकारी होता. ते काही सांगायला येणार नाहीत. आपल्यातला आत कुणी नव्हता."

त्यांनी दाढी खाजवली. "लोक विचारतील," म्हणाले.

"विचारू देत. तीन बायका, असंच सांगा. आणि मी स्वतः पाहिलेलं नाही, पाहिलेल्या बाईकडून ऐकलंय, हेही सांगा."

त्यांनी मान डोलावली आणि लक्षात राहावं म्हणून माझ्यासमोर सगळं एकदा म्हणून दाखवलं. बरं म्हणत होते. फक्त शेवटी काकांनी आकाशाकडे पाहिलं असं त्यांनी आपल्या मनानं घातलं. मी ते काढायला लावलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, या वेळी बरोबर. मग मी त्यांना जेवायला वाढलं आणि दुपारी तिकडे निघालेल्या बैलगाडीत बसून ते त्यांच्या गावी गेले.